‘सर, पोट आत दाखवा’ : पुरुषांच्या शरीराबद्दल बोलायचंय

फोटोवाला_नवीपेठ

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, प्री-वेडिंग, चौकातल्या डिजिटल बोर्डावर लागणारे वाढदिवसाचे फोटो, सगळी कामं करतो. बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय, तो इथं मांडतो.

पूर्वी फोटो निवडायला नवरी आणि तिच्या बहिणी बसायच्या. ‘इथं जरा बारीक करा, रंग उजळवा’ असं त्या सांगायच्या, नवरदेव लांब उभा राहून फोनवर बोलत असायचा. आता नवरदेव स्वतः खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसतो. पोट आत दाखवा, दंड भरा, जबड्याला धार द्या, छाती रुंद करा. मोबाइलमध्ये एखाद्या हिरोचा नाहीतर इन्स्टावरच्या पोराचा फोटो आधीच काढून ठेवलेला असतो. ‘असा दिसलो पाहिजे.’

एका उन्हाळ्यात एका मुलाला प्री-वेडिंगला उघड्या अंगाचे फोटो हवे होते. सोलापूरचा मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. हा मुलगा आदल्या दिवसापासून पाणी प्यायला नव्हता. मीठ बंद, भाकरी बंद. पाणी तोडलं की कातडी स्नायूला चिकटते आणि ‘कट’ दिसतात, असं कुठल्यातरी व्हिडिओत त्यानं ऐकलं होतं. शूट चालू असताना चक्कर येऊन तो खाली बसला. सावलीत नेलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात सलाइन लावल्यावर हुशारी आली. घरी कुणाला सांगू नका म्हणून तो हात जोडत होता.

ज्या फोटोपायी हे झालं, तसा फोटो कसा तयार होतो ते धंद्यामुळे मला माहीत आहे. लाइट समोरून मारत नाहीत. वरून आणि बाजूनं मारतात, म्हणजे प्रत्येक स्नायूखाली सावली पडते. अंगाला तेल नाहीतर ग्लिसरीन लावतात. कॅमेरा चालू व्हायच्या जरा आधी जोर मारून घेतात, त्यानं रक्त भरून दंड आणि छाती फुगते. श्वास रोखायचा. ढीगभर फोटोंतला एक निवडायचा. मग फोटोशॉपमध्ये लिक्विफाय नावाचं टूल आहे, त्यानं कंबर आत ढकलायची आणि खांदे बाहेर ओढायचे. आता फोनमधले फिल्टर चालत्या व्हिडिओतही हे करतात. म्हणजे ज्याच्यासारखं व्हायला आपली पोरं उपाशी राहतात, तसा तो माणूस स्वतःसुद्धा दुपारी जेवून उठल्यावर दिसत नाही.

१९८७ मध्ये दूरदर्शनवरच्या रामायणात दारासिंग हनुमान झाले होते. त्यांच्या पोटावर एक रेघ नव्हती, आणि त्यांच्या ताकदीवर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. पुढं १९९८ ला सलमान खाननं शर्ट काढून गाणं केलं, २००७ ला शाहरुख खानचे सिक्स पॅक आले, २००८ ला आमिर खानचे. हिरोच्या पोटाच्या बातम्या छापून यायला लागल्या.

अमेरिकेत हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क खेळण्यातले सैनिक मोजले. १९९९ मध्ये ते छापून आलं. जी. आय. जो हा बाहुला १९६४ ला निघाला. तो पूर्ण माणसाच्या उंचीचा धरला तर त्याचा दंड साधारण १२ इंच भरत होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच नावाच्या एका बाहुल्याचा दंड जवळपास २७ इंच झाला. लहान पोरगं हातात घेऊन खेळतं ते खेळणंही मध्यंतरी असं बदललं.

मुलींच्या बाबतीत या गोष्टींवर निदान लेख तरी येतात. मुलग्यांबद्दल आपल्या घरात कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. तुमच्याकडं काय दिसतंय?

पूर्वभागातला

मालक, बरं झालं विषय काढलात. मी २४ चा. गारमेंटमध्ये युनिफॉर्मच्या कटिंगला आहे. अंगानं बारीक. लहानपणापासून काडी, सुकट, ‘वारं आलं की उडशील बे’ हे ऐकत आलोय. पाहुणे आले की आई म्हणायची, ‘ह्याच्या अंगाला काही लागतच नाही.’ तिला काळजी होती, कळतंय मला. पण चारचौघांत मान खाली मी घालायचो.

उन्हाळ्यातसुद्धा शर्टाच्या आत दोन बनियन घालतो, अंग जरा भरलेलं दिसावं म्हणून. मित्र विहिरीवर पोहायला बोलावतात, मी जात नाही. पोहायला चांगलं येतं मला.

फोनचं सांगतो. एकदा दंडाच्या व्यायामाचा एक व्हिडिओ पूर्ण बघितला. दुसऱ्या दिवसापासून फोन उघडला की तेच. तीन महिन्यांत काडीचा पैलवान, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत बसायलोय. त्या आधीच्या फोटोतलं पोरगं हुबेहूब माझ्यासारखं असतंय. म्हणजे दुसऱ्याच्या जाहिरातीत ‘आधीचा’ म्हणून जो दाखवतात, तो मी आहे.

तालीमवाले_अण्णा

बाळा, तू पोहायला जा. बाकीचं नंतर बोलू.

मी जुन्या गावातला, तालमीत वाढलो. आमच्या तालमीत आरसा नव्हता. मारुती होता, लाल माती होती, पाण्याचा हौद होता. वस्ताद विचारायचे ते किती जोर काढलेस, किती बैठका मारल्यास, लढतीत किती वेळ टिकलास. आज जिममध्ये चारी भिंतींना आरसे, आणि दोन जोर झाले की पोरगं मोबाइल काढून स्वतःचा फोटो घेतंय.

आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. ते पेलणारी माणसं नीट बघा. अंगात पांढरी बाराबंदी, त्यात कुणी पोट सुटलेला, कुणी शेलाटा, कुणी केस पिकलेला. संक्रांतीच्या आधीपासून सराव करतात. एवढी उंच काठी तोलत ६८ लिंगांच्या मार्गानं चालायचं म्हणजे कंबर, पाठ, पाय, श्वास, सगळ्याची परीक्षा असते. त्या ताकदीचा फोटो निघत नाही.

पोलीस भरतीची पोरं पहाटे मैदानावर पळतात, त्यांनाही माप आहे. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त, १६०० मीटर धावणं, गोळाफेक. ते माप एखाद्याला अन्यायाचं वाटेल, पण ते काय मागतंय हे तरी समजतं. मोबाइलवरचं माप रोज बदलतंय.

होटगीरोड_ट्रेनर

अण्णांचा मान ठेवून लिहितो. जिमला एकदम खलनायक करू नका. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पोरांनी मावा सोडला, गुटखा सोडला. संध्याकाळी टपरीवर बसणारं पोरगं आता दीड तास घाम गाळतं. त्याला आणणारा कोण? तोच इन्स्टावरचा व्हिडिओ. हे मान्य करायला हवं.

माझी अडचण वेगळी आहे. लग्नाला दोन महिने उरले की पोरगं येतं आणि फोटो दाखवतं, ‘सर, हे पाहिजे.’ मी सांगतो, दोन वर्षं लागतील, झोप पाहिजे, जेवण पाहिजे, आणि तरीही तुझी ठेवण वेगळी आहे. तो म्हणतो, मग इंजेक्शनचं बघू का? मी नाही म्हणतो. पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडं दिसत नाही. महिन्याभरात त्याचे खांदे भलतेच फुगलेले असतात आणि पाठीवर मुरमांचा थर.

२०२२ मध्ये अमेरिकेतला ‘लिव्हर किंग’ नावाचा इन्स्टावरचा बॉडीवाला उघडा पडला, आठवतंय का? कच्चं काळीज खाऊन हे शरीर झालं असं सांगत होता. त्याचे ईमेल बाहेर आल्यावर स्टेरॉइड घेत असल्याचं व्हिडिओत कबूल केलं. तोवर लाखो पोरांनी त्याचं खरं मानलं होतं. ती पोरं माझ्यासारख्याला विचारतात, ‘सर, एवढं करूनही माझं का होत नाही?’ त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

जुन्यापानांतला

अण्णा, फोटोचा प्रभाव आपल्याकडं मोबाइलबरोबर आलेला नाही. युजेन सँडो हा जर्मन ताकदवीर १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात खेळ करत फिरला. त्याच्या शरीराचे फोटो आणि त्याची व्यायामाची साधनं इकडं त्याच्याही आधी पोचली होती. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ती साधनं मागवून बरीच वर्षं सँडोच्या पद्धतीनं व्यायाम केला. मग ते सूर्यनमस्काराकडं वळले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी तो रुजवला. म्हणजे एका राजालाही फोटोतल्या शरीराची भूल पडली होती. पुढं १९५२ ला मिस्टर युनिव्हर्समध्ये आपल्या गटात पहिले आलेले शरीरसौष्ठवपटू मनोहर आईच हे जेमतेम ४ फूट ११ इंच उंचीचे होते. तेव्हाही आदर्श होतेच.

आणि तालमीत बारक्या पोराची चेष्टा होत नव्हती का?

तालीमवाले_अण्णा

होत होती. पण जोड वजन बघून लावायचे. बारक्याला बारक्याशी. त्यालाही जिंकायला मिळायचं.

डॉक्टर_विजापूररोड

मी फिजिशियन आहे. धागा वाचून दवाखान्यातले बरेच चेहरे डोळ्यांसमोर आले.

आधी एक फोटो सांगतो, फोटोवाल्यांना आवडेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसलो तरी चरबी जास्त बाळगून असतो, आणि ती बरीचशी पोटात असते. पोटाचे स्नायू प्रत्येकाला असतात, पण ते वरून दिसायला पुरुषाच्या शरीरातली चरबी साधारण १० टक्क्यांच्या आसपास यावी लागते. परदेशी मॉडेलचा फोटो बघून सोलापूरचा मुलगा तिथं पोचायला निघतो तेव्हा त्याची सुरुवातच कितीतरी मागून होते, आणि ते त्याला कुणी सांगत नाही. त्याला वाटतं आपण कमी पडतोय.

व्यायाम जरूर करा, मधुमेहासाठी तर कराच. माझी भीती औषधांची आहे. नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल ही स्टेरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. छातीवर गाठ येते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, हृदयाची भिंत जाड होऊ शकते, गोळ्या घेतल्या असतील तर यकृताला इजा होते. लग्नासाठी शरीर बनवायला निघालेला मुलगा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून येतो. बायकोच्या सगळ्या तपासण्या झालेल्या असतात, त्याची एकही नाही.

आणि ते मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. भूल देताना रुग्णाचा रक्तदाब घसरला तर वापरायचं ते औषध आहे. जिमच्या पोरांना चोरून विकलं जातं, महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडलेत. त्यानं स्नायू वाढत नाहीत. थकवा जाणवत नाही, रक्तदाब आणि ठोके वाढतात, आणि त्याची चटक लागते.

पूर्वभागातला, तुम्हाला आजार आहे असं मी म्हणत नाही. पण एक अवस्था असते, मसल डिस्मॉर्फिया. अंग पिळदार असूनही आपण किरकोळच आहोत असं माणसाला वाटत राहतं. व्यायाम चुकेल म्हणून तो बहिणीच्या लग्नाला जात नाही, दिवसातून कितीदा आरशात बघतो किंवा आरसा पूर्ण टाळतो. १९९७ ला तिला हे नाव मिळालं आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत तिची नोंद आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

साधामाणूस_अक्कलकोटरोड

डॉक्टरसाहेब, फोटोवाले, मला हे सगळं भरल्या पोटाचं दुखणं वाटतं. सोलापुरात पोरांना काम नाही, शिकून पुण्याला जायलेत. यंत्रमाग बंद पडायलेत. त्यात बॉडीची चिंता कोण करतंय? मीडियाला दोष देऊन काय होणार?

पूर्वभागातला

काका, माझे वडील यंत्रमागावर होते. मी गारमेंटवर. पोट भरलेलं नसलं तरी हे दुखणं होतंय. उलट जास्त होतंय. नोकरी हातात नाही, घर हातात नाही, शरीर तरी आपल्या हातात आहे असं वाटतंय. तेही जमलं नाही की रात्री झोप लागत नाही. माझ्या पगारातला मोठा हिस्सा पावडरच्या डब्यात जायचा, आईला सांगायचो किस्त आहे म्हणून.

होटगीरोड_ट्रेनर

डब्याचं निघालंच आहे तर लिहितो. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या एका गटानं भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्क्यांमध्ये लेबलवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. काहींमध्ये बुरशीचं विष सापडलं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं स्नायू वाढवायला अशा पावडरी टाळा असं आपल्या मार्गदर्शिकेत सांगितलं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या गावात राहून पोरं परदेशी डब्याला पैसे घालायलेत, याचं मला फार वाईट वाटतं. शेंगांत तेलही भरपूर असतं, म्हणून जोडीला डाळ, दही, अंडी ठेवा.

जुळेसोलापूरकरीण

थोडं बाईमाणसाच्या बाजूनं. फोटोवाल्यांनी ज्या डॉ. पोप यांचं नाव घेतलं, त्यांनीच २००० साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना चित्रं दाखवून विचारलं होतं, तुला कसं शरीर हवं? त्यांनी स्वतःपेक्षा सुमारे १३ किलो जास्त स्नायूंचं शरीर निवडलं. बायकांनाही असंच आवडत असणार, हा त्यांचा अंदाज. बायकांना विचारलं तर त्यांनी साध्याच अंगाच्या माणसाला पसंती दिली. तैवानमध्ये तोच प्रयोग केला तर तिथल्या पुरुषांच्या मनात ही दरी खूप कमी निघाली, आणि तिथल्या मासिकांत उघड्या अंगाचे आशियाई पुरुष क्वचितच दिसत होते. साधामाणूस काका, मीडियाला दोष का, त्याचं उत्तर मला यात दिसतं.

पण आम्हा बायकांची जीभही सुटते, हेही खरं. स्थळ बघताना ‘मुलगा जरा बारीकच आहे’, ‘मुलीपेक्षा उंची जेमतेम’, ‘टक्कल पडायला लागलंय’ असं त्याच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात बोललं जातं. बायोडाटात मुलग्यांची उंची दोन इंच वाढवून लिहायची पद्धत पडली आहे. २००५ ला पुरुषांसाठी गोरं करणारी वेगळी क्रीम बाजारात आली, तेव्हा माझ्या भावाची ट्यूब बहिणींनी शोधून काढली आणि घरभर चेष्टा केली. तो रात्री दार लावून का लावत होता, हे त्याला कुणीच विचारलं नाही. जाहिरातवाल्यांना विकायला जी लाज लागते, ती आधी घरातूनच मिळते, असं मला ठाम वाटतं.

आई_७०फूटरोड

मी इथं फक्त वाचते, आज लिहिते. माझा मुलगा अकरावीत आहे. काही महिन्यांपासून भात सोडला, मग पोळी. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणलाय, चिकन मोजून खातो. सणाला पुरणपोळी केली तर ताटावरून उठला. चिडचिड वाढलीय. व्यायाम करतोय म्हणून यांना कौतुक आहे. मी बोलले की म्हणतो, तुला काही कळत नाही. काय करू?

डॉक्टर_विजापूररोड

ताई, त्याला एकदा दाखवून घ्या. वजन, रक्तदाब, थोड्या रक्ततपासण्या, आणि मी त्याच्याशी एकट्यानं बोलेन. जेवण सुटणं, चिडचिड, लोकांत जेवायला न बसणं हे सगळं एकत्र दिसतंय म्हणून सांगतो. तो डॉक्टरकडं यायला तयार नसेल तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ नंबर, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करून विचारू शकता.

होटगीरोड_ट्रेनर

आणि तो कुठल्या जिमला जातो, तिथल्या ट्रेनरला त्याच्या वडिलांनी जाऊन भेटावं. बापानं विचारलं की बरीच दुकानं बंद होतात.

पूर्वभागातला

ताई, मी लहान आहे तुमच्यापेक्षा, पण त्याच्या जागेवरून सांगतो. किती वाळलास असंही म्हणू नका आणि काय बॉडी झाली असंही म्हणू नका. अंगाचा विषयच काही दिवस काढू नका. फोन हिसकावून घेतला तर मित्राच्या फोनवर बघेल. कधीतरी शेजारी बसून म्हणा, दाखव की तू काय बघतोस. मला कुणी असं विचारलं असतं तर मी सगळं दाखवलं असतं. मी सध्या असे व्हिडिओ आले की ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबतोय. थोडे कमी झालेत, पूर्ण गेले नाहीत. पुरणपोळी पुन्हा कराल तेव्हा वाढून ठेवा, आग्रह करू नका.

फोटोवाला_नवीपेठ

सगळं वाचलं. एक गोष्ट मी करू शकतो. रविवारी स्टुडिओत तीन-चार पोरांना बोलवायचं. एकाच पोराचा, त्याच मिनिटाला, आधी समोरच्या सपाट लाइटमध्ये फोटो काढायचा आणि मग वरच्या लाइटमध्ये. मग त्याच्यासमोर बसून लिक्विफायनं काय होतं ते दाखवायचं. माउस त्याच्या हातात द्यायचा. पूर्वभागातला, तू येशील का? तुझा फोटो काढायचाच असं काही नाही.

होटगीरोड_ट्रेनर

माझ्या सकाळच्या बॅचची पोरं आणतो. वेळ सांगा.

पूर्वभागातला

येतो की. गारमेंटला रविवारी सुट्टी असते. माझाही काढा.

फोटोवाला_नवीपेठ

दुपारी चारनंतर या, सकाळी लग्नाचं काम आहे. आई_७०फूटरोड, तुमच्या मुलालाही पाठवा. कॅमेऱ्याचं काम शिकायला बोलावलंय एवढंच सांगा, आणि खरंच शिकवेन.